चारही बाजूंनी स्वच्छ

भालेराव मॅडमना माणसांची बोटं आवडत नसत. माणसंही फारशी आवडत नसत, पण माणूस निदान चार शब्द सुनावून परतवता येतो. बोटं मात्र नको तिथं जाऊन टेकतात आणि टेकल्याचं सांगतही नाहीत. आमच्या शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नवा ऑपरेटर असो, बँकेचा मॅनेजर असो की सरकारी तपासनीस, त्या पहिलं वाक्य एकच ऐकवत. "बोटं खिशात." त्याच्या पुढंमागं 'कृपया' वगैरे काही नसायचं. तपासनीस साहेबांच्या सफारीला खिसे होते म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी त्यांना दारातूनच परत जावं लागलं असतं.

आमचा धंदाही बोटांना घाबरावं असाच होता. शिरूरच्या अलीकडे, हायवेला लागून आमची शेड. तिथं आम्ही क्युव्हेट करायचो. क्युव्हेट म्हणजे करंगळीएवढी चौकोनी प्लॅस्टिकची डबी, वरून उघडी. विहिरीचं पाणी, उसाचा रस, दुधाची निवळी, जे काही तपासायचं ते तीत भरायचं आणि डबी यंत्रात ठेवायची. यंत्र एका बाजूनं उजेड सोडतं आणि पलीकडून किती बाहेर आला ते मोजतं. त्यावरून आत काय आहे आणि किती आहे ते कळतं. म्हणून डबीच्या समोरासमोरच्या दोन बाजू अगदी स्वच्छ लागतात, आणि उरलेल्या दोन मुद्दाम खरखरीत, दुधी ठेवतात. स्वच्छ बाजू उजेडासाठी, खरखरीत बाजू बोटांसाठी. यात न कळण्यासारखं काही नाही. तरीही ज्यांना ते कळत नव्हतं अशी माणसं बघण्यात माझी आठ वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी पगारानं माझ्या वर होती.

मी तिथं डिझाइनला. मूळचा दौंडचा, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, शिरूरला खोली घेऊन राहायचो. कॉम्प्युटरवर डबीचं चित्र काढायचं, ते साचा करणाऱ्याकडे पाठवायचं, एवढं माझं काम. मॅडम मला 'चित्रकार' म्हणायच्या. हे कौतुक नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना माझं पद नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की तुमच्या त्या कॉम्प्युटरात डबी धरणारा हात कुठं दिसतो. मी म्हणालो, हात त्यात नसतो. "मग चित्रच की हो ते," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगावर सुती साडी आणि वरून पांढरा कोट. कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या असत, कारण कंपनीनं सगळे कोट पुरुषांच्या मापाचे आणले होते. त्यावर मॅडमचं म्हणणं असं की ज्यांना समोर उभ्या बाईचं माप घेता येत नाही ते डबीच्या भिंतीचं माप काय घेणार. न्हावऱ्याहून सकाळच्या एसटीनं यायच्या. डब्यात भाकरी आणि खर्डा. जेवताना एक अक्षर बोलायच्या नाहीत. डबा धुऊन पालथा घातला की मग एकेकाला फैलावर घ्यायच्या. कुणी कसं रीडिंग घेतलं, कुणी हात न धुता ट्रे उचलला, कुणी डबी शर्टाच्या टोकानं पुसली. शर्टाच्या टोकानं पुसणं हा त्यांच्या लेखी अक्षम्य गुन्हा होता.

त्यांच्या आधीच्या नोकरीबद्दल त्या क्वचित बोलत. न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीतल्या बी.एस्सी. झालेल्या त्या पहिल्या. केमिस्ट्रीची पदवी घेऊन एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागल्या, आणि तिथं त्यांना तीन वर्षं काचेच्या नळ्या धुवायला ठेवलं. पदवी नसलेली पोरं रीडिंग घेत आणि या नळ्या धूत. का, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारल्यावर जे उत्तर मिळालं असतं ते आपल्याला आधीच माहीत होतं, असं त्या म्हणायच्या. त्या तीन वर्षांत नळी कशी धरली म्हणजे रीडिंग बिघडतं हे त्यांना नळ्यांवरच्या डागांवरूनच कळायला लागलं. तिथले चीफ केमिस्ट रसाची नळी मुठीत धरून गप्पा मारायचे. रस कोमट व्हायचा, आकडा हलायचा, आणि साहेब शेतकऱ्याच्या उसाला नावं ठेवायचे. एक दिवस मॅडमनी फडक्याला हात पुसत सांगितलं, "साहेब, ऊस शेतात न्हाई तापला. तुमच्या मुठीत तापला." दुसऱ्या दिवसापासून त्यांना रीडिंगला बसवलं. नळ्या धुवायला दुसरी बाई ठेवली, तीही त्यांच्याच वस्तीतली.

एकदा संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे असताना मी त्यांना विचारलं की दिवसभर 'हात लावू नका, हात लावू नका' म्हणायचा कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीनं हे वाक्य जन्मभर ऐकलं. फरक एवढाच, की इथं त्याला खरं कारण हाय." मग एसटी आली आणि त्या चढल्या. मी उगीचच बराच वेळ तिथं उभा राहिलो. मला काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटत राहिलं.

आमचे डायरेक्टर साहेब परदेशातलं कुठलंसं प्रदर्शन बघून आले तेव्हाची गोष्ट तर शेडमध्ये सगळ्यांना पाठ आहे. साहेबांच्या मनात आलं की डबीवर कंपनीचा लोगो हवा. तो दिसायला हवा, म्हणून स्वच्छ बाजूवर हवा, अगदी मधोमध. म्हणजे उजेड जिथून जायचा तिथंच. मीटिंगमध्ये मॅडम सोडून आम्ही सहा जण होतो. सहाही जणांना यातला मूर्खपणा कळत होता आणि सहाही जण वहीत काहीतरी लिहीत होते. मॅडम उठल्या, कोटाच्या खिशातून मार्कर काढला आणि साहेबांपुढे हात केला. "साहेब, तुमचा चष्मा द्या जरा. आधी त्याच्या काचेवर तुमचं नाव लिहिते, मग मीटिंग पुढं चालवू." साहेबांनी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. लोगो शेवटी खोक्यावर छापला गेला. मी खूप हसलो, पण ते बाहेर चहाच्या टपरीवर. मीटिंगमध्ये मी वहीतच बघत होतो.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, तुमच्या डब्या सदोष आहेत अशी लेखी तक्रार घेऊन. पांढरे केस, आवाजात जरब. मॅडमनी त्यांना डबी दिली आणि तुम्ही वापरता तशी घालून दाखवा म्हणाल्या. सरांनी ती खरखरीत बाजू उजेडाकडे करून घातली. मॅडम म्हणाल्या की सर, तुम्ही भिंतीतून बघताय, खिडकी या बाजूला आहे. सरांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला, आणि नंतर चार महिन्यांनी त्यांच्या कॉलेजची मोठी ऑर्डर आली. मॅडमनी त्या ऑर्डरीसोबत एक चिठ्ठी घातली, डबी कशी धरायची त्याची. मी ती चिठ्ठी वाचली होती. सभ्य भाषेत इतका अपमान करता येतो हे मला तेव्हा कळलं.

या प्राध्यापकांमुळेच पुढचं सगळं झालं म्हणायचं. लोक बाजू चुकतात, तर बाजूच ठेवू नका. चारही बाजू स्वच्छ करा, म्हणजे डबी कशीही घातली तरी चालेल. ही कल्पना माझी होती. साहेबांना ती इतकी आवडली की आठवड्याभरात ती त्यांची झाली. पत्रक छापलं गेलं: 'चारही बाजूंनी स्वच्छ, कुठूनही बसवा.' मॅडमनी ते वाचलं आणि मला विचारलं की मग माणसानं धरायचं कुठं. मी म्हणालो, वरच्या कडेला. "चित्रकार," त्या म्हणाल्या, "ज्याला धरायला जागा दिली न्हाई तो सगळीकडं धरतो." त्यांनी लेखी विरोध नोंदवला. तो फायलीत लागला आणि साचा तयार झाला.

साच्यात गरम प्लॅस्टिक दोन्हीकडून वाहत येतं आणि जिथं भेटतं तिथं केसाएवढी बारीक रेघ राहू शकते. जुन्या डबीत ती रेघ खरखरीत बाजूला जायची, तिथं तिचा काही त्रास नव्हता. आता खरखरीत बाजूच उरली नव्हती. मॅडमनी पहिल्या दिवशीचे नमुने चारही बाजूंनी फिरवून पाहिले. रेघ नव्हती. त्यांनी सही केली, पण चेहरा आंबट करून.

मग काही महिन्यांनी वडगाव रासाईहून तक्रार आली. तिथल्या दूध केंद्रावर आमच्या डब्या घालायची एक तपासणीची पेटी होती, दुधात युरिया घातलाय का ते बघायची. दुधाची निवळी करून तीत औषधाचे थेंब टाकायचे, ती पिवळी होते. किती पिवळी झाली ते पेटी सांगते. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, सरकीपेंड जास्त घातली की जरा वाढतो, म्हणून एक मर्यादा ठरलेली असते. सिंधूबाई शेळके नावाच्या बाईंच्या तीन गाईंचं दूध या मर्यादेच्या आत पण अगदी काठावर होतं. ते एक दिवस पास व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी नापास. तीनदा नापास झाल्यावर केंद्रानं नियमाप्रमाणे दूध बंद केलं आणि दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'भेसळ – सिंधूबाई शेळके.' फळा रस्त्यावरून दिसायचा. दूध घालायला येणारी एक्केचाळीस माणसं तो रोज सकाळ-संध्याकाळ वाचायची. केंद्रावर तपासणी करणारी पूनम म्हणून होती, तिला आकड्यांचा संशय आला आणि तिनंच आम्हाला फोन केला.

साहेबांनी मॅडमना आणि मला पाठवलं. कारण काय निघणार हे सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. माझ्या गाडीवर मागं बसून मॅडम न्हावऱ्यापासून वडगावपर्यंत त्या न पाहिलेल्या पोरीच्या बोटांवर बोलत होत्या. धारेचे हात, तुपकट, वरून ओढणीला पुसलेले. डबी म्हणजे यांना पाणीपुरी वाटते. मला मजा येत होती.

पूनमनं आमच्यासमोर तपासणी केली. डबीला तिनं बोटच लावलं नाही. कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा होता, त्यानं वरची कड पकडून तिनं डबी उचलली. "धरायला जागाच न्हाई ना हिला," ती म्हणाली. मॅडमनी चिमट्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि सिंधूबाईंच्या घरून दूध मागवायला सांगितलं.

सिंधूबाईंचं दूध पास झालं. पूनम म्हणाली, "आता वळवून घाला." तीच डबी, तीच निवळी, फक्त पाव वळण. आकडा मर्यादेच्या वर गेला. मॅडमनी डबी रिकामी केली, धुतली, आणि नेहमीप्रमाणे दोन बोटांत धरून दारातल्या उजेडाकडे नेली. स्वच्छ. मग त्या थांबल्या. पूनमच्या हातातला चिमटा मागून घेतला, डबी त्यानं धरली आणि परत उजेडाकडे केली. आता दुसऱ्या दोन बाजू दिसत होत्या, आणि एका बाजूवर वरपासून खालपर्यंत रेघ होती.

जुन्या डबीच्या खरखरीत बाजू जिथं होत्या, तिथंच नऊ वर्षं मॅडमची बोटं पडत आली होती. ट्रेमधून उचल, ट्यूबलाइटपुढे धर, ठेव, पुढची. ट्रेमध्ये डब्या साच्यातून निघाल्या त्याच दिशेनं लागायच्या, त्यामुळे नव्या डबीतही त्यांचा हात त्याच बाजू धरत होता, आणि रेघ बरोबर त्या बोटांखाली लपत होती. हजारो डब्या त्यांनी अशाच पास केल्या होत्या. जगातल्या यच्चयावत बोटांचा त्यांना संशय होता, स्वतःची तेवढी सोडून.

दुधाच्या एका रिकाम्या कॅनवर त्या बसल्या. पहिल्या दिवशी तर रेघ नव्हती, मग आली कशी, असं त्यांनी मला विचारलं. मला माहीत होतं. माल भराभर निघावा म्हणून मशीनचा वेग वाढवला होता, त्यानं प्लॅस्टिक पुरेसं तापत नव्हतं आणि नीट मिसळत नव्हतं. वेग वाढवायचा तो कागद माझ्या सहीनं गेला होता. मॅडमना कळवायचं मी उद्यावर टाकलं होतं आणि मग विसरलो होतो. मी म्हणालो, बघावं लागेल.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, ऑपरेटरच्या बोटांचं लिहा, तुम्ही तर नेहमी तेच म्हणता. मॅडम म्हणाल्या, "बोटांचंच लिहिते साहेब. पण माझ्या." आणि फोन ठेवला.

केंद्राच्या चेअरमननी फळा लगेच पुसायला लावला आणि सिंधूबाईंना बोलावून घेतलं. चाळिशीच्या, काटक, हाताला शेणाचा वास. मॅडमनी त्यांना सगळं नीट सांगितलं. दूध चांगलं होतं, डबी खराब होती, आणि ती डबी चांगली म्हणून सही करणारी मी. सिंधूबाईंनी पुसलेल्या फळ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय करू? माझं दूध चांगलं हाय हे मला ठावंच हाय. लेकीच्या सासरपतूर गेलंय नाव. ज्यांनी ज्यांनी फळा वाचला, त्येन्ला सांगा."

चेअरमन म्हणाले, फळ्यावर खुलासा लिहू. सिंधूबाई म्हणाल्या, फळ्यावर नको, तोंडानं. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीत रिपोर्ट दिला. त्यात विकलेला सगळा माल परत मागवा असं लिहिलं होतं. पुढच्या दोन सकाळी त्या वडगावला दुधाच्या रांगेशेजारी उभ्या राहिल्या आणि येईल त्याला, कॅन घेऊन आलेल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तेच सांगत राहिल्या. पूनमकडे यादी होती, ती नावांपुढे खूण करायची. काही जण नीट ऐकायचे, काही जण 'व्हय व्हय' करत निघून जायचे. निघून जाणाऱ्याला त्या परत हाक मारायच्या. शनिवारी त्या कंपनीत आल्या तेव्हा गेटवरच्या वॉचमननं त्यांना एक पाकीट दिलं आणि आत सोडलं नाही. त्याला फार वाईट वाटत होतं. तो त्यांच्यापुढे खिशात हात घालून उभा होता, सवयीनं. माल परत मागवला गेला नाही. साहेबांनी पत्रकातलं 'कुठूनही बसवा' तेवढं काढायला सांगितलं, आणि मी ते काढलं.

यादीत एकच नाव उरलं होतं. शंकरआबा. वय झालेलं, कानानं ऐकू येत नाही, घराबाहेर पडत नाहीत. त्यांचं दूध नातू आणतो. पण शेळक्यांच्या सुनेनं गावाचं नाव घालवलं, हे ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यांदा सांगणारे तेच. रविवारी मॅडमनी मला फोन केला. वडगावला गाडी सोडणार का, एवढंच विचारलं. आतापर्यंत त्यांनी मला असं काही मागितलं नव्हतं.

आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. सिंधूबाईही आल्या होत्या, समोरच्या घराच्या पायरीवर उभ्या. मॅडमनी सांगायला सुरुवात केली. आबांनी कानामागं हात धरला. मोठ्यानं बोल, म्हणाले. मॅडम बाजेजवळ गेल्या, वाकल्या आणि आवाज चढवून परत सांगितलं. "सिंधूबाईचं दूध चांगलं होतं, आबा. डबी खराब होती. चूक झाली."

"कुणाची?"

"माझी."

"कुणाची म्हंतीस?"

"माझी, आबा. माझी चूक." आता गल्लीतल्या दोन-चार बायका दारात आल्या होत्या. एक माणूस सायकल धरून थांबला. मॅडमच्या कपाळावरची शीर फुगली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हळू आवाजात सांगून लोकांना घाम फोडणारी ही बाई स्वतःची चूक भर गल्लीत ओरडून सांगत होती, तिसऱ्यांदा, एका शब्दाचीही काटछाट न करता. मशीनचा वेग कुणी वाढवला हे त्यांना अजून माहीत नव्हतं. किंवा माहीत असावं. आठ वर्षांत त्यांच्या नजरेतून माझं फारसं काही सुटलं नव्हतं.

आबांनी मान हलवली. सिंधूबाईंकडे हात करून म्हणाले, "चुकलंच माजं बी." सिंधूबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि आत न जाता तिथंच उभ्या राहिल्या. मग आबांनी माझ्याकडे बोट केलं.

"आन् ह्यो कोण?"

मॅडम वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या उत्तर देणार नव्हत्या हे मला कळलं. सिंधूबाई बघत होत्या, सायकलवाला बघत होता.

"मी नुसता गाडीवर घेऊन आलोय यांना," मी म्हणालो.

मी गाडी वळवून घेतली, किक मारली आणि त्या बसतील म्हणून थांबलो. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी एसटीनं येते."

एसटीला अजून दोन तास होते.